प्रभाकररावांचा पेन आणि वच्छलाबाईंच्या पाटल्या

आर्वीत त्या उन्हाळ्यात एक गोष्ट या ओट्यावरून त्या ओट्यावर फिरत होती. कापडवाल्या प्रभाकररावांनी म्हणे बायकोच्या पाटल्या मोडल्या आणि पेन घेतला. साधासुधा नाही, परदेशी, सोन्याच्या निबाचा. पुरावाही होता. ज्या आठवड्यात पेन खिशात आला, त्याच आठवड्यात वच्छलाबाईंच्या हातातून पाटल्या गेल्या. शेजारच्या शोभाबाईंनी एका लग्नाच्या पंगतीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. "काचीच्या दोन बांगड्या, त्याही सैल. बाकी हात नुस्ता! अन् नवरा पाहा, खिशात सोनं घालून हिंडून राह्यला."

शोभाबाईंनी हे फक्त तिघींना सांगितलं होतं. तेवढं पुरलं.

आता एवढ्या मोलाच्या पेनाचं कापडाच्या दुकानदाराला काय काम, असं कोणीही विचारेल. तर प्रभाकरराव नुसते दुकानदार नव्हते, विशेष कार्यकारी अधिकारी होते. नाव भारदस्त, पगार शून्य. कोणे एके काळी कोणा पुढाऱ्याने यादीत नाव घातलं, घरी शिक्का आला, आणि तेव्हापासून झेरॉक्सवर 'सत्यप्रत' म्हणून सही करायचं काम गळ्यात पडलं ते पडलंच. दहावी-बारावीचे निकाल लागले की अंगणात चपलांचा ढीग. मार्कलिस्ट, टीसी, जातीचा दाखला, प्रत्येकाच्या चार-चार प्रती. माणूस जेवत असो, दाढी करत असो, दारातून हाक यायचीच, "काका, सही पाहिजे होती!"

प्रभाकरराव करवादायचे. "मेलो तर तिरडी थांबवून सही मांगाल तुम्ही." पण करायचे. आणि एखाद्या दिवशी कोणी आलं नाही, तर सात वेळा फाटकाकडे पाहायचे, हे फक्त वच्छलाबाईंना माहीत.

दोन वर्षांपासून त्यांचा उजवा अंगठा दुखत होता. जन्मभर कात्री चालवलेला अंगठा तो. पहिल्यांदा कापडाच्या थानाला कात्री लावताना कळ यायची. मग दुकान पोराच्या हाती दिलं, तर कळ सहीत आली. बॉलपेन दाबून धरावा लागतो. पहिली सही बरी उमटे, दुसरी वाकडी, चौथीला 'प्र' कुठे आणि शेपूट कुठे. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की दोन गल्ल्या पलीकडचे बंडूजी टपलेलेच होते. त्यांच्याकडेही शिक्का होता, गिऱ्हाईक नव्हतं. "प्रभाकररावाचा हात गेला" एवढं गावात झालं की चपलांचा ढीग बंडूजींच्या अंगणात.

मग ज्योत्स्नाचं प्रकरण झालं. गल्लीतलीच पोरगी, डी.एड.ला अर्ज केलेला. एका दुपारी कागद घेऊन परत आली, तोंड उतरलेलं.

"काका, वर्ध्याहून वापस केले. म्हणते, सह्या दोन माणसांच्या आहे."

"दोन माणसांच्या कशा? मीच तर केल्या."

"मी सांगतलं. तो क्लार्क म्हणे, मंग तुमचे काका सकाळी वेगळे अन् संध्याकाळी वेगळे आहे का?"

प्रभाकररावांनी कागद पाहिले. पहिली सही त्यांची होती. चौथी कोणाचीही असू शकली असती. त्यांनी नव्या प्रती मागवल्या, एकेक सही केली, मध्ये पाणी प्यायले, पंख्याची कुरकुर ऐकत बसले, मग पुढची. पोरीला वाटलं काकांना राग आला. राग नव्हता, घाम होता.

दुसऱ्या दिवशी "नागपूरले काम आहे" म्हणून ते एसटीत बसले आणि तिथल्या बर्डीच्या बाजारात एका पेनाच्या दुकानात शिरले. दुकानदाराने आधी स्वस्तातले दाखवले. एक कागद खरडत होता, दुसरा शाई ओकत होता. मग त्याने मखमलीच्या डबीतून काळा, जाड अंगाचा पेन काढला. "दबाना नहीं है साहब, सिर्फ छूना है."

प्रभाकररावांनी कागदाला निब टेकवला. सही झाली. पुन्हा केली. कागदभर केली. अंगठा गप्प होता. पुष्कळ दिवसांनी गप्प होता. किंमत ऐकून मात्र ते स्टुलावर बसले. त्या पैशांत बऱ्यापैकी नवी सायकल आली असती आणि वर घंटीही. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक चाललं, म्हणून तो चहा सांगायला उठला. चहा येईपर्यंत यांनी दुकानाच्या गल्ल्यातून आणलेले पैसे काढून ठेवले होते.

घरी येऊन त्यांनी वच्छलाबाईंना एवढंच सांगितलं, "पेन घेतला." त्या म्हणाल्या, "बरं." लग्नाला इतकी वर्षं झाली की प्रश्न विचारायचाही कंटाळा येतो.

पेनाने सुख दिलं, तसा तापही दिला. झेरॉक्सच्या गुळगुळीत कागदावर शाई लवकर वाळेना. पोरं घाईत कागदावर कागद ठेवत आणि प्रभाकररावांची सही वरच्या प्रतीच्या पाठीवर उलटी उमटे. मग त्यांनी नियम केला, सही वाळल्याशिवाय कागद हलवायचा नाही. व्हरांड्यात बाज टाकली, तिच्यावर सत्यप्रती पसरल्या, प्रत्येकीवर एकेक खडा.

"मायबाप, लोक कुरड्या वाळू घालते," वच्छलाबाई म्हणाल्या, "अन् आमच्या घरी सह्या वाळून राह्यल्या."

लोकांना हा सगळा थाट वाटला. पेन मिरवायचा म्हणून म्हातारा पोरांना ताटकळत ठेवतो, असं बंडूजींनी पानठेल्यावर जाहीर केलं. रोजचे बैठकीचे बापूराव, एसटीतले रिटायर कंडक्टर, ते तर समोर बसून टोमणे मारत. प्रभाकरराव दौतीत निब बुडवून हळूहळू पेनाचं बूड फिरवायला लागले की बापूराव म्हणत, "पेनाले शाई भरून राह्यला का नातवाले दूध पाजून राह्यला?"

"तुले काय करायचं आहे?"

"मले काई नाई. पण एक सांग, बॉलपेनानं केलेली सही काय कमी खरी असते? पैसे वसूल झाले का?"

"नाई झाले."

"मंग काऊन घेतला?"

प्रभाकरराव पेनाचं बूड फिरवत राहिले. बापूराव खरं तर तिथेच थांबायचे, पण कंडक्टरची सवय, शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत बोलायचं. "लोकाईनं तर लय काई चालवलं आहे. मी नाई मानत. पण वहिनीच्या पाटल्या मोडल्या म्हणते पेनासाठी."

प्रभाकररावांचा हात फिरवता फिरवता थांबला. "कोणाच्या पाटल्या?"

"घ्या! घरात राहतं का धर्मशाळेत?"

बापूराव गेल्यावर प्रभाकरराव बाजेवरचे खडे उगीच सरळ करत बसले. पाटल्या हातात आहेत की नाहीत, हे त्यांना सांगता येईना. गावभर ज्या हाताची चर्चा, तो हात रोज ताट वाढत होता आणि त्यांनी पाहिला नव्हता. मनात भलतंसलतं आलं. पोराने दुकानात खोट खाल्ली की काय, आणि हिने परस्पर काढून दिल्या की काय?

ते आत गेले. वच्छलाबाई भात वाढत होत्या. महिनाभर भातच होता, ज्वारीची भाकर नव्हतीच. यांनी दोनदा कुरकुर केली होती, तर पीठ जुनं आहे म्हणाल्या होत्या. आता त्यांनी ताटाकडे न पाहता मनगटाकडे पाहिलं. मनगट फुगलेलं होतं.

"पाटल्या कुठी आहे?"

"आज दिसलं का तुमाले?"

"विचारून राह्यलो ना."

"अलमारीत आहे. कापून आणल्या सोनाराकडून. हात सुजला, निंघेच ना. साबण लावला, तेल लावलं. मंग गेल्या बिचाऱ्या कात्रीखाली." त्यांनी पळी ठेवली. "भाकर थापता येत नाई मले आता."

"मले सांगतलं काऊन नाई?"

"तुम्ही सांगतलं का, पेन काऊन घेतला ते?"

प्रभाकररावांनी अंगठा पुढे केला. वच्छलाबाईंनी तो दाबून पाहिला, यांनी "हाय!" केलं, आणि त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

"बचत गटात सही कराची असते महिन्याले," त्या म्हणाल्या. "बॉलपेन धरला की इथपर्यंत कळ जाते. मागच्या खेपेस मी अंगठाच देतो म्हटलं, तर बाया म्हणे, सातवी शिकून अंगठा?"

प्रभाकररावांनी खिशातला पेन काढून टोपण उघडून दिला. वच्छलाबाईंनी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर नाव लिहिलं. सावकाश, पूर्ण. मग खाली पुन्हा एकदा लिहिलं.

"दुखलं का?"

"नाई." त्यांनी पेन उलटासुलटा करून पाहिला. "लयच महाग आहे पण."

"आहे."

"महिन्यातून एक दिवस मले लागीन."

"नेजो. पण वाळू देजो."

बाहेरून कोणीतरी हाक मारली, "काका, सही पाहिजे होती!" प्रभाकरराव उठायला लागले, गुडघा धरून पुन्हा बसले, मग उठले.

पेन दुकानाच्या पैशांतून घेतला होता. पाटल्या अलमारीत होत्या, कापलेल्या. दोघांनाही संधिवात होता.