शिक्षा मिळेल

चितेगावात कारखान्यांच्या मागं एका मालकानं आपल्या शेतात पत्र्याच्या बारा खोल्या बांधल्या होत्या. राहायला सगळे बिहारकडचे कामगार आणि देखरेखीला मी. माझी ऐट काय विचारता! गळ्यात शिट्टी, काखेत वही आणि अक्षर इतकं वळणदार, की फाटकावरची पाटी मालकानं पेंटरला न देता मलाच रंगवायला लावली. लालभडक रंगात मी लिहिलं: ‘दारू पिऊन आढळल्यास शिक्षा मिळेल.’

शिक्षा ठरलेली होती. पिणाऱ्याचा कबुलीजबाब वहीत लिहायचा, खाली त्याचा अंगठा घ्यायचा. दर सोमवारी कामगारांचा कंत्राटदार वही बघणार आणि वहीत सापडलेल्याची खोलीही जाणार, कामही जाणार. पण वही कोरीच. पिणारे महावस्ताद. माझी शिट्टी ऐकली की बाराच्या बारा खोल्या कच्चा कांदा खायला बसायच्या.

अशात एका रविवारी सकाळी, आंघोळ करून, गळ्यातली तुळशीची माळ नीट करत एक प्रौढ हमाल माझ्यासमोर उभा राहिला. हा माणूस चहासुद्धा घ्यायचा नाही.

“साब, मैंने पी है. लिख लीजिए.”

तोंडाला वास कडुलिंबाच्या काडीचा! मला गंमत वाटली. “कितनी पी?”

“जितने में नाम चढ़ जाए.”

मग माझ्यातला नट जागा झाला. पानभर कबुलीजबाब लिहिला. झिंगून हापशाला मिठी मारली, म्हशीला सलाम ठोकला, काय वाटेल ते. त्यानं मन लावून अंगठा उमटवला आणि विचारलं, “साब, शिक्षा कब से मिलेगी? शाम को मिले तो अच्छा.”

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या हिंदीत शिक्षा म्हणजे शिकणं. शेजाऱ्यानं पाटी वाचून दाखवली होती. दारुड्यांना सुधारायला इथं शाळा भरते, असा त्याचा समज झाला. मुलीची पत्रं त्याला स्वतः वाचायची होती. खोलीतले वाचून दाखवायचे, पण पदरचं घालून, फिदीफिदी हसत.

पान तिथंच फाडायला हवं होतं. पण असा किस्सा हाती लागल्यावर मी कसला थांबतो? वही घेऊन मालकाकडं पळालो, हातवारे करकरून सगळं सांगितलं. मालक हसले नाहीत.

“अंगठा त्याचाच हाय ना?”

“व्हय, पण मालक, हा माणूस थेंबाला शिवत नाय.”

“मंग लिवलं कुणी? तूच ना? कंत्राटदार दर सोमवारी टोमणे मारतो, वही कोरी कशी म्हणून. बरं झालं, एक तर घावला.”

वही त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. सोमवारी मी कंत्राटदारापुढं हात जोडले. त्यानं ते पान मोठ्यांदा वाचलं आणि म्हशीच्या सलामाला पोट धरधरून हसला. माझ्या कुठल्याही किश्श्याला इतकी दाद मिळाली नसेल. हसून झाल्यावर त्यानं खाली सही केली.

हमाल पत्र्याची पेटी घेऊन निघाला. बाकीचे खोल्यांच्या दारात उभे होते, कांद्याच्या वासासकट. “चिट्ठी आए तो रख लेना, साब,” एवढंच तो म्हणाला.

पत्र आलं. मी ठेवलं. पाटीवरचा तो एक शब्द मी पत्र्यानं खरवडून काढला, पण त्या जागी काय लिहावं ते सुचलं नाही. पिणारे फाटकातून आत येताना थांबायचे, पाटी मोठ्यांदा वाचायचे आणि मला विचारायचे, “साब, क्या मिलेगा?”