सशासाठी शेळ्यांचं औषध

आमच्याकडे शेळ्या होत्या तेव्हा वडील एक गोष्ट नेहमी सांगायचे. शेळीची मुंडी फिरली आणि ती एकाच जागी घुमायला लागली, की तिला घरी ठेवण्यात अर्थ नाही. त्यामुळे सशाची मान वाकडी झालेली त्यांनी पाहिली तेव्हा त्यांच्या मनात काय आलं ते मला समजलं.

ससा आईमुळे घरात आला होता. आई गावातल्या शाळेत दुपारचा स्वयंपाक करते. तिथल्या टीचरबाईंची बदली झाली, नव्या गावी त्यांना ससा ठेवता येणार नव्हता, म्हणून त्यांनी तो आईच्या हातात दिला. पांढरा, कान राखाडी. आम्ही त्याला ससाच म्हणायचो. आई शाळेतून कोथिंबिरीच्या काड्या पदराला बांधून आणायची आणि तो तिच्या पावलांचा आवाज ओळखायचा.

मी दसऱ्याच्या सुट्टीत घरी आले होते. एका सकाळी ससा पाण्याच्या वाटीत तोंड घालायला गेला आणि बाजूला कोसळला. उठला, पुन्हा लोळला. डोकं इतकं डावीकडे वळलेलं की एक डोळा छताच्या पत्र्याकडे आणि दुसरा जमिनीकडे. वरचा डोळा सारखा थरथरत होता.

आई म्हणाली, "झोपेत मान आखडली असन." तिने फडकं गरम करून शेकलं. काही फरक पडला नाही.

वडिलांनी हसवायचा प्रयत्न केला. "हा तं पुढाऱ्यावानी झाला. पाहते इकडं, चालते तिकडं." कोणी हसलं नाही, तेव्हा हळूच म्हणाले, "बाई, मुंडी फिरलेलं जनावर वाचत नाई."

मी म्हणाले, "बाबा, ही शेळी नाही."

हे मी जरा जोरात बोलले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि माझं शिक्षण घरच्यांच्या उपयोगी पडावं असं मला फार वाटतं. भाजीच्या टोपलीत गोणपाट घालून, ससा त्यात ठेवून मी ऑटोने जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर, आम्ही त्यांना सार म्हणतो, खरं बोलले. गाई-शेळ्यांवर त्यांचा हात बसलेला होता, सशावर नाही. त्यांनी आपल्या सरांना फोन लावला, बराच वेळ विचारलं, मग कपाटातून एक बाटली काढली. "मेकल मंदे, कानी रोज इय्याले," ते तेलुगूत म्हणाले; आमच्या आदिलाबादकडे दवाखान्यात तेलुगूच चालते. शेळ्यांचंच जंताचं औषध, पण रोज द्यायचं. थेंब मोजून, चार आठवडे, मध्ये एकही दिवस चुकवायचा नाही. किडा मेंदूपर्यंत गेला असेल, म्हणाले. बरा होईल असं मात्र म्हणाले नाहीत.

आठ दिवस मीच औषध दिलं. सुईशिवायच्या सिरिंजने, ओठाच्या कोपऱ्यातून. त्याने लोळू नये म्हणून दोन्ही बाजूंना जुन्या लुगड्याच्या गुंडाळ्या लावल्या. आठव्या दिवशी त्याने तुरीचं पान माझ्या हातून ओढून घेतलं. मान वाकडीच होती, पण तो पडला नाही. आईने वडिलांना हाक मारून ते दाखवलं.

मग कॉलेज उघडलं. आदिलाबादला हॉस्टेलवर परतताना मी आईला बाटली दिली, सिरिंजवरची रेघ दाखवली आणि म्हणाले, "रोज सकाळी, इथपर्यंत." का, ते सांगितलं नाही. बस चुकेल म्हणून घाई होती, असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे सांगायची गरजच मला वाटली नाही.

मी रोज संध्याकाळी फोनवर विचारायचे, "औषध देऊन राह्यली ना, माय?"

"हो. घेते तो बरोबर."

परीक्षा संपवून घरी आले तेव्हा ससा लुगड्याच्या गुंडाळीत तोंड खुपसून पडला होता. डोकं आता जवळजवळ उलटं झालं होतं. खालचा डोळा माती लागून चिकटला होता. बाटली फडताळात होती, मी देऊन गेले होते तेवढीच भरलेली.

मी ती बाटली हातात धरून आईसमोर उभी राहिले.

"जंताचं औषध रोज कोनी देते का?" आई म्हणाली. "सालातून एकदा, पावसाच्या आंधी. जास्त झालं तं चांगली बकरी मरते. तू तं आठ दिवस देल्लं होतं. मले वाटलं, मरन हा."

"मग फोनवर काऊन नाही सांगितलं?"

"तुही परीक्षा होती."

मला रागावता आलं नाही. शेळ्यांच्या बाबतीत तिचं बरोबरच होतं. एवढी वर्षं तिने त्या समजुतीवरच जनावरं जगवली. दवाखान्यात काय ऐकलं ते मी नीट बसून सांगितलं असतं तर तिने एक दिवसही चुकवला नसता. मी शिकलेल्या माणसासारखा नुसता हुकूम देऊन गेले होते.

डॉक्टर सारांना फोन केला. ते म्हणाले, पुन्हा सुरू करा. मग म्हणाले, खातो का? मी नाही म्हणाले. 'बरं' म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवशी मी आईला सगळं सांगितलं. किडा, मेंदू, रोज का. ती खाली मान घालून ऐकत राहिली. वडील दारात उभे होते, तेही ऐकत होते. त्यांनी मुंडी फिरलेल्या शेळीची गोष्ट काढली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला उठवलं नाही. जाग आली तेव्हा ती सशाला मांडीवर घेऊन बसली होती आणि सिरिंजच्या रेघेशी डोळे बारीक करून औषध भरत होती. तिने ते ओठाच्या कोपऱ्यातून सोडलं, अगदी मी द्यायचे तसं. ते तसंच बाहेर आलं आणि त्याच्या मानेवरून ओघळलं. त्याने गिळलंच नाही; घशात काहीच हललं नाही.

आईने पदराने त्याचं तोंड पुसलं.

"घेतलं त्यानं," ती म्हणाली.

मी हो म्हणाले.