सुईवरचे साठ टाके

काल दुपारी माझ्या जाऊबाई ट्युनिशियन क्रोशाची जाळीदार शाल विणत होत्या. त्यात लांब सुईवर साठ टाके एकदम धरून ठेवायचे आणि परतीच्या ओळीत एकेक सोडवायचा. भाऊजींनी चहा मागितला.

"एवढी ओळ संपवून उठते," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी त्यांच्या हातातली सुईच उपसली. टाके ओघळले.

"भोकंच तर पाडतेस," ते म्हणाले.

माझ्या अंगाची आग झाली. जाळीतलं प्रत्येक भोक मोजून मोकळं ठेवलेलं असतं. बाईचं लक्ष मात्र कुणीही, केव्हाही उसवावं?

जाऊबाई एकेक टाका पुन्हा उचलू लागल्या.

"चहाचा डबा ओट्यावर आहे, भाऊजी," मी म्हटलं. या घरात आल्यापासूनच्या बारा वर्षांत कुणी चहा मागितल्यावर न उठण्याची ही माझी पहिलीच वेळ.