प्रॉम्प्टरच्या कानातली शीळ

आमच्या कोलकात्याच्या मराठी मंडळात गणपतीतल्या नाटकाचे प्रॉम्प्टर ठरलेले: चारुदत्तराव. बँकेच्या बदलीने इथे आले, बेहाला भागात घर केलं, निवृत्त झाले तरी परत गेले नाहीत. विंगेत स्टुलावर बसून ते नटाचा श्वास ऐकत. तो वाक्य विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे त्यांना श्वासावरून कळे. सारी हयात रंगमंचावर काढली मी. असा कान क्वचितच भेटला.

त्याच कानात शीळ सुरू झाली. अखंड. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, धोका नाही, पण आवाज बहुधा राहील. चारुदत्तरावांनी शांततेची धास्तीच घेतली. घरात दिवसभर रेडिओ. तालमीत मी जरा थांबले की घाईघाईने पुढचं वाक्य!

"अहो, नाटकात बाईंचा मुलगा गेलाय. रडू तरी द्या त्यांना!" त्यांची बायको शैला म्हणाली.

सगळे हसले. त्यांनी मात्र संहिता मिटून माझ्या हाती दिली. "बाई, दुसरा कोणी बघा. मी कामातून गेलो."

शैलाने त्यांना मानसशास्त्रज्ञ सुदेष्णादींकडे नेलं.

"शीळ घालवाल?"

"नाही. तिच्याबद्दल तुम्ही मनाशी काय बोलता, ते तपासू. काय बोलता?"

"तिच्यापुढे मला दुसरं काही ऐकूच येणार नाही."

"मग ते खरं का, हे करून बघू या. दुपारी थोडा वेळ रेडिओ बंद ठेवा."

पहिल्या दुपारी ते घामाघूम होऊन उठले. तरी रोज बसत राहिले. हळूहळू शिळेपलीकडचं ऐकू येऊ लागलं: रस्त्यावरचा मासेवाला, शेजारचा कुकर. एकदा तर वाती वळणाऱ्या शैलाचा श्वाससुद्धा. त्या संध्याकाळी ते तालमीला आले आणि माझ्याकडून संहिता घेऊन स्टुलावर बसले.

प्रयोगात तो प्रवेश आला. मुलाचा सदरा छातीशी धरून मी थांबले. सभागृह निःशब्द. विंगेत त्यांचं बोट ओळीवर, ओठ मिटलेले. मी ती शांतता लांबवली, तालमीत कधी लांबवली नव्हती इतकी. आणि मग पुढचं वाक्य खरोखरच गेलं. वय झालं माझं. तेवढ्यात विंगेतून हलकेच दोन शब्द आले. मी ते उचलले.

पडदा पडल्यावर विचारलं, "शीळ होती?"

"होती की. पण तुमचा श्वास अडकला, तेही ऐकू आलं."