दहा मिनिटांनी मोठी

माझी आई आणि मावशी जुळ्या. मावशी दहा मिनिटं आधी जन्मली, आणि त्या दहा मिनिटांचा तोरा तिने आयुष्यभर मिरवला. खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवायचं दोघींचं दुकान आहे. मावशी ओठांत बारीक खिळे धरून एकेक ठोकत जायची आणि तशातही गिऱ्हाइकाची फिरकी घ्यायची. मग वर्षभर ती गप्पच होती.

आधी हसणं गेलं, मग झोप, मग भूक. केस पांढरे झाले, पाठ वाकली. "वय झालं गं माझं. त्याला कुठलं आलंय औषध?" एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करायची. मला तर तिचा रागच यायचा.

एकदा आईने तिला बळेबळेच दुकानात आणलं. एका गिऱ्हाइकाने आईला विचारलं, "या तुमच्या आई का?"

मावशी मागच्या खोलीत गेली. आई तिच्यामागे.

"वय झालं म्हणतेस ना? मग माझं का नाही झालं? एकाच दिवशी जन्मलो ना आपण? हा आजार आहे, बाई. चल डॉक्टरकडे!"

यावर मावशीने एकदा आईकडे नीट पाहिलं. ती उठली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. नैराश्य नुसतं मनात राहत नाही, म्हणाल्या. ते फार काळ टिकलं तर शरीरातल्या पेशीही वयाआधी थकत असाव्यात, असं संशोधकांना दिसतंय.

"म्हणजे आतला फोमच बसलाय," मावशी म्हणाली. "गेलेलं वय परत मिळेल?"

"ते नाही सांगता येणार. पण आजारावर इलाज आहे, तो करू."

गोळ्या झाल्या, बाईंशी बोलणं झालं. मध्ये दोनदा तिने सगळं सोडलं, दोन्ही वेळा आईने भांडून पुन्हा सुरू करायला लावलं. केस काही काळे झाले नाहीत.

परवा मावशी एका आरामखुर्चीला कापड ठोकत होती. खुर्ची न्यायला आलेले गृहस्थ आईला म्हणाले, "तुमच्या आई अजून काम करतात? कमाल आहे!"

आईचा चेहराच उतरला. मावशीने ओठांतले खिळे तळहातावर काढले.

"काय करणार, साहेब? पोरगी एवढी घोडी झाली, तरी तिला एकटीला दुकानात सोडवत नाही."

आई हसता हसता हुंदके देऊन रडायला लागली.

"रडतेस काय?" मावशी म्हणाली. "ते टोक धर आणि ताण नीट."