फोटोतला उजवा हात

गल्लीत तिला सगळे डावीकाकू म्हणत. ती शिवणकाम करायची, तेही डाव्या हातानं. शाळेत त्या हातावर पट्ट्या बसल्या, घरी बोलणी बसली, पण हात हट्टी निघाला. तिचा नवरा कात्र्या करायचा आणि धार लावून द्यायचा. लग्नानंतर त्यानं तिच्यासाठी उलट्या पात्यांची कात्री केली. साधी कात्री डाव्या हातात धरली की पाती फाकतात आणि कापड कापण्याऐवजी चावलं जातं. ही कात्री मात्र सरळ चालली. त्या दिवसापासून काकूनं नवऱ्याचे बाकीचे सगळे गुन्हे माफ करून टाकले.

पुढे हुरूप येऊन त्यानं तशा कात्र्यांचा ढीगच केला आणि बाजारातल्या दुकानदाराला दिला. सगळ्या परत आल्या. “गिऱ्हाईक म्हणतं, कात्र्या उलट्या आहेत,” दुकानदार म्हणाला. त्या उलट्याच होत्या, पण ज्यांच्यासाठी होत्या ती माणसं त्या दुकानात येत नव्हती. हल्ली धार लावायलाही कुणी फिरकत नसे. कात्री बोथट झाली की लोक नवीच आणतात. शेवटी धारेचं यंत्र विकायचं ठरलं. घेणारा रविवारी येणार होता. “सुटलो एकदाचा,” नवरा वरवर म्हणे, आणि रोज संध्याकाळी यंत्र पुसून लखलखीत करी. जायला निघालेल्या यंत्राचे एवढे लाड कोण करतं!

काकूच्या फोनवर डावखुऱ्यांचा एक ग्रुप होता. कुठकुठची माणसं तिथं शाईनं माखलेल्या तळहातांच्या आणि उजव्यांच्या ओपनरनं न उघडलेल्या डब्यांच्या कहाण्या सांगत. ग्रुप सांभाळणाऱ्या निवृत्त बाईंना सगळे मॉनिटर म्हणत. त्यांचा नियम एकच: जाहिरात केली की बाहेर. मैत्रीत दुकान मांडायचं काकूच्याही जिवावर येत होतं, म्हणून ती कात्रीबद्दल तिथं कधी अवाक्षर बोलली नव्हती.

नवऱ्याला असली भीड नव्हती. ती आंघोळीला गेल्याचं बघून त्यानं तिचा फोन उचलला, हातात कात्री धरून फोटो काढला आणि खाली ठोकून दिलं, ‘डावखुऱ्यांसाठी खास कात्री! त्वरा करा!’

काकू केस पुसत बाहेर आली तोवर ग्रुपवर नुसता गदारोळ. ‘कात्री डावी आणि हात उजवा?’ ‘आमच्या नावावर धंदा करायला कुणीतरी उजवा घुसलाय.’ मॉनिटरबाईंनी तर सरळ विचारलं होतं, ‘काकू, तुम्ही खरंच डावखुऱ्या आहात ना?’

काकूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जन्मभर डावी म्हणून ऐकून घेतलं, आता डावी नाही म्हणूनही ऐकायचं?

“अहो, काय करून ठेवलंत हे!”

“का? फोटो चांगला आलाय की.”

“हात बघा हात!”

त्यानं फोटो बघितला, मग स्वतःचा हात बघितला. “अगं, पण मला दुसऱ्या हातात कात्री धरताच येत नाही,” तो ओशाळून म्हणाला.

रडता रडता काकूला हसू फुटलं. तिनं ग्रुपवर लिहिलं, ‘तो हात आमच्या ह्यांचा. जन्मापासून उजवे आहेत, बिचाऱ्यांचा इलाज नाही. जाहिरात काढा, पण मला काढू नका. ही कात्री त्यांनी माझ्यासाठी केली होती.’ खाली तिनं आपल्या डाव्या अंगठ्याचा फोटो जोडला. साध्या कात्रीनं पाडलेला जुना घट्टा त्यावर अजून होता.

मग ती शिवायला बसली. काकूचा हात मशीनवर, जीव फोनमध्ये. तेवढ्यात मॉनिटरबाईंचा फोटो आला. नुसता अंगठा, आणि त्यावर त्याच जागी तस्साच घट्टा. मागोमाग अंगठ्यांची रांग लागली. एका न्हाव्यानं विचारलं, ‘ह्यांना विचारा, केस कापायची करतील का?’ बाकीच्यांनी आपापली मापं धाडायला सुरुवात केली. काकूचा जीव भांड्यात पडला.

मॉनिटरबाईंनी नियम काही बदलला नाही. त्यांनी फक्त नवऱ्याला ग्रुपात घेतलं, जावई म्हणून. ‘जावई आपल्या सामानाबद्दल बोलले तर ती जाहिरात नव्हे,’ असा निकालही दिला.

रविवारी यंत्र घेणारा आला आणि दार ठोठावत राहिला. आत यंत्र घरघरत होतं, त्यामुळे कुणाला काही ऐकूच गेलं नाही.