वायर माझ्या हातात होती

अमावास्येला मुद्दाम बाईक घेणारा माणूस मी. शोरूमवाला म्हणाला, परवा न्या, तर त्याच्याकडून वर डिस्काउंट उकळलं. अद्भुत अनुभवांच्या या ग्रुपवरही मी आजवर तुमची चेष्टा करायलाच येत होतो, जुन्या मेंबरांना ते चांगलं ठाऊक आहे. आज माझी पाळी. हसा, पण आधी पूर्ण वाचा.

मी मूळचा सांगलीचा. चेन्नईत ऑफिसांच्या फोन सिस्टिम बसवतो. भिंतीवरचं जुनं एक्स्चेंज काढायचं, त्या जागी एक छोटा कॉम्प्युटर आणि त्यात ओपन सोर्स सॉफ्टवेअर. लोक ते फुकट म्हणून घेतात. मला ते आवडतं, कारण त्यात झाकलेलं काही नसतं. कुठला कॉल कुठे जाणार ते साध्या ओळींत लिहिलेलं असतं आणि त्या ओळी मीच लिहितो.

चेन्नईजवळच्या ओरगडमला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत हे काम निघालं. तिथे रिसेप्शनवर कमला अक्का, तंजावरी मराठी, तरुणपणापासून तिथल्याच ऑपरेटर. माझं नाव ऐकून म्हणाल्या, "तूं आमचाच माणूस कीं, तम्बी. बैस, कॉफी घे." तम्बी म्हणजे धाकटा भाऊ. त्यांचं मराठी ऐकलं की वाटायचं, आपले पणजोबा मधूनमधून तमिळ बोलतायत.

रोज दुपारी ऑफिसच्या लँडलाइनवर अक्कांच्या आईचा फोन यायचा. एकच प्रश्न — जेवलीस का? म्हातारी मोबाइल बाळगत नाही. पाठ नंबर आयुष्यात एकच, या ऑफिसचा. लेक उचलणार, हे ठरलेलंच. आख्ख्या ऑफिसला या फोनची सवय होती.

मालकांना मात्र आता ऑपरेटर नको होता. फोन लागला की रेकॉर्ड केलेली सूचना, आधी इंग्रजीत, मग तमिळमध्ये — सेल्ससाठी एक दाबा, अकाउंट्ससाठी दोन. काहीच दाबलं नाही तर कॉल कट. "रिकामटेकड्यांचे फोन बंद होतील," मालक खुशीत म्हणाले. मी तशी ओळ लिहून दिली. अक्कांना पर्चेसमध्ये हलवलं. "दुपारीं मीच आईला फोन करीन," एवढंच त्या म्हणाल्या.

सकाळी सिस्टिम सुरू केली. दुपारी अक्कांच्या नव्या टेबलावर त्यांचा फोन जोडायला घेतला. त्याला नुसता अडॅप्टरने करंट दिला होता. नेटवर्कची वायर अजून लावायची होती, ती सोडवत होतो. तेवढ्यात अक्कांचा मोबाइल वाजला. पलीकडे त्यांची भाची, रडत. आजीला घेऊन टी. नगरच्या बाजारात लग्नाच्या साड्या घ्यायला गेली होती, गर्दीत हात सुटला. पोलिसांना सांगितलंय, सापडत नाही. आजी शुगरची... इन्सुलिनचं इंजेक्शन टोचून निघालेली, आणि जेवणाची वेळ टळून गेलेली.

अक्कांनी ते घाईघाईने मला सांगितलं. मी म्हणालो, "बाईक काढतो, चला."

"नाहीं," त्या म्हणाल्या. "ती फोन करील तर येथेंच करील. दुसरा नंबर तिला ठावा नाहीं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्हातारी फोन लावणार, लेकीचा आवाज येईल म्हणून थांबणार... काही दाबणार नाही, आणि माझी ओळ तिचा कॉल कापून टाकणार. ती ओळ बदलायची तर लॅपटॉप रिसेप्शनवर होता. धावायला वळलो — आणि टेबलावरचा फोन वाजला.

वायर माझ्या हातात होती. तिचं टोक मला दिसत होतं. फोनच्या स्क्रीनवर 'नो नेटवर्क' लिहिलेलं, आणि तो वाजतोय.

अक्कांनी सवयीने उचलला. "वणक्कम..." आणि मग त्यांचा आवाज फुटला. "अम्मा? कोठें आहेस तूं?"

सगळं पर्चेस उभं राहिलं. म्हातारी एका साडीच्या दुकानात बसली होती, काउंटरवरच्या फोनवरून बोलत होती. दुकानदाराने नाव-पत्ता सांगितला, मी तो भाचीला दुसऱ्या फोनवरून कळवला. ती दोन गल्ल्या पलीकडेच होती. पोहोचली तेव्हा आजीला घाम फुटला होता, हात थरथरत होते. दुकानदाराने साखर घालून कॉफी पाजली. आणखी थोडा उशीर झाला असता तर... नको, ते लिहीत नाही.

मग लॅपटॉप उघडला. सिस्टिममध्ये त्या दुकानाच्या नंबरचा कॉल होता. सूचना ऐकवली, काहीही दाबलं नाही, कॉल कट. बस. अक्कांच्या फोनची नोंदच नाही, असणार कशी? माझ्या लाइनमधल्या मित्रांना विचारलं, ते म्हणाले, आधी वायर लाव. मालकांनी मात्र काही न विचारता सांगितलं, गप्प राहणाऱ्याचा कॉल यापुढे अक्कांकडे जाऊ दे.

रविवारी आवडी या चेन्नईच्या उपनगरात त्यांच्या घरी गेलो. आजी टुणटुणीत. मी विचारलं, त्या दिवशी फोनवर काय ऐकलंत?

"तें मशीन बोललें," आजी म्हणाल्या. "मग एक बाई आली. आपल्या भाषेंत म्हणाली, भिऊं नको, कमळीला देतें. जेवलीस का म्हणूनही विचारलें."

त्या सिस्टिममध्ये मराठीचा एक शब्द नाही. 'कमळी' म्हणून अक्कांना ऑफिसात कुणीही हाक मारत नाही. घाबरायला हवं होतं, पण खोटं कशाला बोलू, आनंदाने उड्या माराव्याशा वाटल्या.

"कोण बाई होती, आजी?"

"ऑपरेटर. दुसरी कोण असणार?"

निघताना मी अक्कांना म्हणालो, सुट्टी टाकतो, एकेक ओळ तपासतो, कुठे काय झालं ते शोधून काढतोच.

अक्कांनी माझ्या हातात कॉफीचा पेला दिला. "शोधूं नको, तम्बी," त्या म्हणाल्या. "सांपडलें तर तूं तें दुरुस्त करशील."